पोटरीत गोळा येणे: आला त्या क्षणी काय करायचं आणि येऊ नये म्हणून काय

टाच_टेकवा (धागाकर्ता)

कुणी गोळा म्हणतं, कुणी पेटका, कुणी वळ, तर कुणी शिरेवर शीर चढली म्हणतं. शीर कुठेही चढत नसते. पोटरीचा स्नायू स्वतःहून आवळतो आणि सुटत नाही, एवढाच प्रकार आहे. हात लावला तर लिंबाएवढी टणक गाठ लागते, पायाची बोटं खाली ओढली जातात आणि सेकंद-दोन सेकंदांत माणूस ओरडत उठून बसतो. हे बहुतेक वेळा झोपेतच का होतं, हे कळलं की उपायही आपोआप कळतो, म्हणून आधी तेवढं सांगतो.

पोटरीत स्नायूंचे दोन थर असतात. वरचा जाड थर गुडघ्याच्या वरून निघतो, आतला चपटा थर गुडघ्याच्या खालून. दोन्ही खाली येऊन टाचेमागच्या जाड दोरीसारख्या कंडरेत मिसळतात. आपण उताणे झोपलो की पाऊल पुढे लोंबतं, अंगावर जड पांघरूण असेल तर आणखी खाली दाबलं जातं. म्हणजे पोटरी आधीच आखडलेल्या स्थितीत असते. अशा वेळी चेतातंतूने जरा जास्त ठिणग्या टाकल्या की स्नायू पूर्ण आवळतो, आणि त्याला ताणून धरणारं समोर काहीच नसतं. बरेच जण अर्धवट जागेपणी आळस देताना पाय लांब करून बोटं खाली ताणतात आणि तिथेच गोळा येतो. आळस द्यायचा तर टाच पुढे ढकलून द्या, बोटं पुढे करून नको.

गोळा आल्यावर करायचं काम एकच: आखडलेला स्नायू लांब करणे. कसं ते सांगतो.

उठून बसा, गुडघा सरळ ठेवा. हा गुडघा महत्त्वाचा आहे. तो वाकलेला राहिला तर वरचा थर ताणलाच जात नाही आणि लोक म्हणतात "ओढून पाहिलं, उपयोग झाला नाही". मग पावलाचा चवडा धरून स्वतःकडे ओढा. हात पोचत नसेल तर टॉवेल, ओढणी, उपरणं, जे उशाशी असेल ते चवड्याखालून घालून दोन्ही टोकं ओढा. सावकाश ओढा, हिसका देऊ नका. आवळलेल्या स्नायूला हिसका बसला तर त्यातले धागे तुटतात आणि मग दोन मिनिटांचं दुखणं दोन आठवड्यांचं होतं. साधारण वीस-तीस सेकंदांत गाठ मऊ पडायला लागते. मऊ पडली म्हणून लगेच सोडू नका. अजून अर्धा मिनिट तसंच धरा, कारण पाऊल पुन्हा खाली पडलं की दुसरा झटका येऊ शकतो.

ओढत असतानाच स्वतःच्या ताकदीनेही पाऊल वर उचलायचा प्रयत्न करा. नडगीच्या बाजूचा स्नायू काम करायला लागला की मज्जारज्जू पोटरीला ढिलं पडायचा निरोप देतो. नुसत्या हाताने ओढण्यापेक्षा हे दोन्ही मिळून लवकर सुटतं.

---

खडीसाखर

दुसऱ्या कुणी मदत करायची असेल तर?

---

टाच_टेकवा

एका तळहातात टाच धरायची, दुसऱ्या तळव्याने चवडा गुडघ्याच्या दिशेने दाबायचा, आणि समोरच्याला गुडघा सरळ ठेवायला सांगायचं. बहुतेक जण घाबरून नुसती बोटं धरून मागे वळवतात. त्याने बोटांचे सांधे दुखतात आणि पोटरी तशीच राहते. आणि मदत करणाऱ्याने पोटरीवर बुक्क्या मारणं किंवा अंगठा खुपसणं तेवढं टाळावं. चोळायचं ते गाठ सुटल्यावर.

---

वांबवाला_नागपूर

आमच्याकडे याला वांब येणे म्हणतात, नोंद असू द्या.

दोन गोष्टी जोडतो. पोटरीशिवाय इतर ठिकाणी गोळा आला तर दिशा बदलते, हे लोक विसरतात. मांडीच्या मागे आला (जेवताना मांडी घालून बसल्यावर उठताना येतो तो) तर पाय समोर सरळ करून कमरेतून पुढे वाकायचं. मांडीच्या पुढच्या बाजूला आला तर उलट, गुडघा दुमडून टाच ढुंगणाकडे आणायची. तळव्याच्या कमानीत आला तर बोटं वर ओढायची किंवा सरळ फरशीवर पाऊल सपाट दाबून उभं राहायचं. आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पुढून आला, तर मात्र पाऊल खाली करायचं. सगळ्याला "बोटं वर ओढा" लागू नाही.

दुसरं, म्हाताऱ्या माणसांनी गोळा येताच अंधारात ताडकन उभं राहू नये. उभं राहिल्याने पोटरी ताणली जाते हे खरं, पण त्या क्षणी त्या पायात जोर नसतो. पोटरीच्या दुखण्याने कुणी दगावत नाही, पण खुब्याचं हाड मोडलं तर वर्ष जातं. आधी बसल्या बसल्या टॉवेलने ओढा, सुटल्यावर पलंगाला धरून उभं राहा, मग चार पावलं टाचांवर चाला.

---

मोकळा_श्वास

व्हॉट्सॲपवर फिरतंय ते: डाव्या पायात गोळा आला तर उजवा हात वर करा, उजव्यात आला तर डावा. खरंच लगेच थांबतो म्हणतात.

---

खलबत्ता

थांबतो की. काही न करताही थांबतो. बहुतेक गोळे काही सेकंदांपासून पाच-दहा मिनिटांत स्वतःहून सुटतात, त्यामुळे त्या वेळेत जे काही कराल त्याला श्रेय मिळतं. हात वर करा, वरचा ओठ चिमटीत धरा, गादीखाली साबणाची वडी ठेवा, सगळ्यांचा 'गुण' एकाच कारणाने येतो. साबणाचा एवढाच फायदा की चादरीला वास चांगला येतो.

हात वर करून पाऊलही वर ओढलंत तर माझी काही हरकत नाही.

---

नाचणी_सत्त्व

मुख्य प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक घरात गोळा आला की दुसऱ्या दिवशी केळी आणि कॅल्शियमची गोळी सुरू होते. आहाराचं काम करते म्हणून स्पष्ट लिहिते: चांगलं जेवणाऱ्या माणसाच्या रात्रीच्या गोळ्यांचं कारण बहुतेक वेळा खनिजांची कमतरता नसते.

केळं: मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण ४०० मिग्रॅ पोटॅशियम. पण खाल्ल्यावर रक्तातली पातळी वाढायला अर्धा-एक तास लागतो आणि वाढ अगदी थोडी होते. गोळा आल्यावर केळं खाणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडणं. रोजच्या आहारात केळं असावं, ते वेगळं.

मॅग्नेशियम: याच्या गोळ्या आता मेडिकलमध्ये 'क्रॅम्पसाठी' म्हणूनच देतात. कोक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने) २०२० मध्ये सगळ्या चाचण्यांचा पुन्हा आढावा घेतला. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांवर त्याचा जाणवण्याइतका उपयोग होण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष आहे. गरोदरपणाबाबत चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. दुष्परिणाम म्हणाल तर जुलाब, आणि किडनी कमकुवत असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं, ते धोक्याचं.

ज्यांचा आहारच तोकडा आहे (चहा-बिस्किटांवर दिवस काढणारी एकटी वृद्ध माणसं, सतत उपास करणाऱ्या बायका) त्यांनी गोळीआधी ताट बघावं. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिग्रॅ कॅल्शियम आहे आणि मॅग्नेशियमही चांगलं. बाजरी, राजगिरा, तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरे, पालेभाज्या यांत मॅग्नेशियम भरपूर. बाजरीची भाकरी, वर तिळाची चटणी आणि वाटीभर मोडाची उसळ, एवढं रोज पोटात गेलं तर मॅग्नेशियमची वेगळी काळजी करावी लागत नाही. तीळ घ्यायचे तर सालीसकट, पॉलिशचे पांढरे नकोत, कारण कॅल्शियम बरंचसं सालीत असतं.

---

कोरडवाहू

नाचणी_सत्त्व ताई, मग उन्हात काम करणाऱ्यांचं काय? मे महिन्यात दुपारी मांडीत, पोटात, हातात गोळे येतात ते मिठाच्या कमतरतेचेच ना?

---

नाचणी_सत्त्व

हो, तो वेगळा प्रकार आणि तिथे मीठच लागतं. बरं झालं विचारलंत, कारण हे दोन प्रकार एकत्र केल्यामुळेच सगळा घोळ होतो. रात्री अंथरुणात एका पोटरीत येणारा गोळा आणि चार तास घाम गाळल्यावर अंगभर येणारे गोळे यांचं औषध एक नाही.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. माणसागणिक फरक असतो, पण लिटरभर घामात दोन-अडीच ग्रॅम मीठ धरा. अशा वेळी नुसतं साधं पाणी पोटभर प्यायलं तर रक्तातलं उरलेलं मीठ आणखी पातळ होतं आणि गोळे वाढतात. हे फार जुनं निरीक्षण आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या खोल आणि तापलेल्या कोळसा खाणींतल्या कामगारांवर जे. एस. हाल्डेन आणि के. नेव्हिल मॉस यांनी काम केलं, तेव्हा पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर गोळे थांबत होते.

घरचं प्रमाण: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने निपटून घेतलेला. शिगोशीग भरलेला चमचा जवळजवळ दुप्पट होतो आणि मीठ जास्त झालं की उलटी होते. वर लिंबू पिळलं तर चवीला बरं. ताक घ्यायचं तर लिटरभर पातळ ताकात तेवढंच अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत चालेल, पण त्यात मीठ घातलंय का ते बघा, बाजारच्या बाटलीत बहुतेक साखरच असते.

नारळपाण्याबद्दल गैरसमज: त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामाने जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून शहाळं प्या, पण सोबत मीठ लावलेली काकडी, शेंगा असं काहीतरी खा.

---

खलबत्ता

ओआरएसबद्दल औषधाच्या दुकानातून दिसणाऱ्या दोन चुका.

पहिली, पाकीट अर्ध-अर्ध करणे. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं: मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. पुडीत हे चारही घटक सारखे मिसळलेले राहतात असं नाही, त्यामुळे अंदाजाने चिमूटभर ग्लासात टाकलं तर एका ग्लासात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त. अख्खं पाकीट, अख्खा लिटर, चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं.

दुसरी, खोक्यातलं गोड पेय ओआरएस समजून घेणे. एफएसएसएआयने (देशातल्या अन्नसुरक्षा संस्थेने) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, ती यासाठीच. त्यात साखर कितीतरी पट आणि क्षार नावाला. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते वाचून घ्या.

---

दिंडी_क्रमांक_नाही

वारीच्या दृष्टीने: आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, पण गोळ्यांचा दिवस म्हणजे पुण्याहून सासवडचा. तिसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट. चढाला प्रत्येक पावलाला पोटरी काम करते आणि मुक्कामाला पाठ टेकली की तासाभरात तंबूत एकेक जण कळवळायला लागतो.

तिथे पाळायचं एवढंच: चढ संपल्यावर लगेच बसकण मारू नये. पाच मिनिटं सपाटीवर सावकाश चालून मग टाच जमिनीवर, चवडा दगडावर असं करून दोन्ही पोटऱ्या ताणून घ्याव्यात. घाटात दर तासाला दोन-तीन पेले मीठ-साखर-लिंबाचं पाणी. मधे मिळणारा चहा आणि साधं पाणी एवढ्यावर राहिलं की संध्याकाळी भोगावं लागतं. पाऊस असला तरी घाम येतो, रेनकोटच्या आत तर जास्तच, ते लक्षात येत नाही. आणि चप्पल नवी नको. अंगठा धरून चालावं लागणाऱ्या सैल चपलेने पोटरी दिवसभर आखडलेली राहते.

चरणसेवेला बसणाऱ्या मंडळींना विनंती, घोट्याकडून गुडघ्याकडे चोळा, उलट नको. आणि ज्याच्या पायाची एकच पोटरी सुजलेली, गरम लागते, त्याला चोळू नका, डॉक्टरांच्या तंबूत पाठवा.

---

पुरावा_द्या

धागा चांगला चाललाय. ताणाच्या व्यायामाबद्दल मात्र सगळे ठामपणे बोलतायत म्हणून आठवण करून देतो: २००५ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत पोटरी ताणण्याच्या व्यायामाने रात्रीचे गोळे कमी झाले नव्हते.

---

टाच_टेकवा

बरोबर, ती चाचणी आहे. पण त्यातले सगळे आधीपासून गोळ्यांसाठी क्विनाइन (हिवतापाचं जुनं औषध) घेणारे रुग्ण होते, म्हणजे जुनाट प्रकार, आणि व्यायाम पोटरीचा. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर चाचणी झाली, त्यात पोटरी आणि मांडीच्या मागचा भाग, दोन्हींचा ताण झोपायच्या अगदी आधी सहा आठवडे रोज दिला. तिथे गोळ्यांची संख्या आणि तीव्रता दोन्ही कमी झाली. गोळे शून्यावर आले नाहीत, हेही सांगतो. खर्च शून्य, दुष्परिणाम जवळपास शून्य, वेळ चार मिनिटं. मी तरी गोळीआधी हेच सुचवेन.

पद्धत लिहितो, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी करता येते.

ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकवा. एक पाय पुढे, दुसरा मोठं पाऊलभर मागे. मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा ताठ, बोटं थेट ओट्याकडे. आता पुढचा गुडघा वाकवत कंबर ओट्याकडे न्या. मागच्या पोटरीत ओढ जाणवली की थांबा, दहा सेकंद धरा, सोडा, दहा सेकंद विश्रांती. असं तीनदा. मग तीच स्थिती ठेवून मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच न उचलता. ओढ आता खाली, टाचेजवळ सरकेल. तो आतला थर. तेही तीनदा. मग पाय बदला. शेवटी पलंगाच्या कडेला बसून एक पाय पलंगावर लांब करा, गुडघा सरळ, आणि पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे झुका, मांडीच्या मागे ओढ येईपर्यंत. पुन्हा दहा सेकंद, तीनदा.

चुकतं कुठे: मागचं पाऊल बाहेरच्या दिशेला फिरतं, आणि मग ताण पोटरीला न बसता पावलाच्या कमानीला बसतो. बऱ्याच जणांचं फिरतं. फरशीच्या सांध्यावर पाऊल ठेवा, म्हणजे सरळ आहे का ते रेषेवरून दिसेल. टाच उचलली जात असेल तर पाय जास्त मागे गेलाय, पुढे घ्या. आणि अनवाणीच करा. मोजे घालून किंवा पायपुसण्यावर उभं राहून केलं की घसरायला होतं.

---

वांबवाला_नागपूर

जिन्याच्या पायरीवर अर्धं पाऊल ठेवून टाच खाली सोडायचा प्रकार व्हिडिओत दाखवतात. सत्तरीच्या पुढे नको. तोल गेला तर धरायला काही नसतं.

ज्यांना जमतं त्यांनी उकिडवं बसायची सवय सोडू नये, टाचा जमिनीला टेकवून. आतल्या थराला त्याहून चांगला ताण नाही. कमोड आले, डायनिंग टेबल आलं, ओट्याशी उभ्याने स्वयंपाक आला, आणि टाचेमागची दोरी दिवसभरात एकदाही पूर्ण ताणली जात नाही. गुडघे गेले असतील तर मात्र हट्ट नको.

---

केशरी_उपरणं

तेल कोणतं चांगलं? तीळ की मोहरी की महानारायण? आणि शेक कशाने?

---

खलबत्ता

गोळ्यापुरतं बोलायचं तर तेल हात घसरण्यासाठी. काम हात करतो. तिळाचं कोमट करून घ्या, खोबरेल घ्या, काय घरात असेल ते. गाठ सुटल्यानंतर पाच मिनिटं, घोट्याकडून वर. गोळा आलेला असताना जोरात रगडणं टाळा, दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकते ती निम्मी त्या रगडण्याने.

शेक कशानेही द्या. रबरी पिशवी दोन तृतीयांश भरायची, आडवी करून हवा काढायची आणि मग बूच. भोवती पंचा. उकळतं पाणी नको, जुन्या पिशवीचा सांधा फुटतो. पिशवी नसेल तर दोन वाट्या जाडं मीठ तव्यावर परतून सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग पोटरीला. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, तोही शेकच. पंधरा मिनिटं पुरे.

पण दोन ठिकाणी शेक धोक्याचा. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतच नाही, सकाळी फोड दिसतो आणि तो महिनोन्‌महिने भरत नाही. तिथे पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यावा, कोपर बुडवून. आणि वेदनाशामक बाम लावून वर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते.

एप्सम सॉल्ट मागायला आलेल्यांना कुणीतरी सैंधव देतं. दोन्ही वेगळी. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सैंधव म्हणजे खाण्याचंच मीठ. बादलीत पाय सोडून बसल्यावर बरं वाटतं ते गरम पाण्याने, त्यामुळे भांडण्यात अर्थ नाही.

---

अटलांटिकपार

इकडे अमेरिकेत खेळाडू पिकल ज्यूस पितात, म्हणजे व्हिनेगरमधल्या काकडीच्या लोणच्याचं पाणी. आपल्या लोणच्याचा खार चालेल का?

---

पुरावा_द्या

त्यावर २०१० चा प्रयोग प्रसिद्ध आहे. घाम काढून थोडं कोरडं केलेल्या तरुणांच्या पायात विजेच्या झटक्याने गोळा आणला आणि वजनाच्या किलोमागे १ मिली लोणच्याचं पाणी दिलं. साधं पाणी प्यायलेल्यांपेक्षा गोळा पाऊण मिनिटाच्या आसपास आधी सुटला. एवढ्या वेळात पोटातून काहीच शोषलं जात नाही, म्हणजे मिठाचा संबंध नाही. आंबटाचा झटका घशाला बसतो आणि त्याची प्रतिक्षिप्त क्रिया चेतातंतूंना शांत करते, असा संशोधकांचा कयास. अर्थात गोळा विजेने आणलेला, पायही तरुणांचे. सत्तरीतल्या माणसाच्या रात्रीच्या गोळ्याला हेच लागू होईल असं त्यावरून म्हणता येत नाही.

आपल्या खारात तेल, तिखट, मोहरी. रात्री तीनला तो प्यायलात तर पोटरी राहील बाजूला, छातीत जळजळ सुरू होईल. प्रयोगच करायचा तर चमचाभर व्हिनेगर अर्ध्या पेल्यात. बीपी, हृदय, किडनीवाल्यांनी खारं पाणी नकोच.

---

अटलांटिकपार

आणि टॉनिक वॉटर? त्यात क्विनाइन असतं ना.

---

खलबत्ता

असतं, पण अमेरिकेत लिटरला जास्तीत जास्त ८३ मिग्रॅची मर्यादा आहे, म्हणजे पेल्यात वीसेक. पायाच्या गोळ्यांसाठी पूर्वी २००-३०० मिग्रॅ द्यायचे. आणि त्या डोसने रक्तातल्या प्लेटलेट कोसळून माणसं गंभीर आजारी पडली, म्हणून तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, २००६ मध्ये मान्यता नसलेल्या क्विनाइनची विक्री थांबवली आणि २०१० मध्ये पायाच्या गोळ्यांसाठी वापरू नका असा पुन्हा इशारा दिला. हिवतापाची जुनी गोळी कपाटात पडलीये म्हणून घेऊ नये.

त्यापेक्षा आहेत त्या गोळ्यांची पट्टी बघा. बीपीच्या जोडगोळीच्या नावात शेवटी 'एच' किंवा 'सीटी' असेल तर त्यात बहुतेक लघवी वाढवणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. त्याने सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं. दम्याच्या पंपातलं साल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल यांनीही गोळे येतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने बहुधा गोळ्यापेक्षा दोन्ही मांड्या सारख्या दुखणं, जिना चढताना जोर न राहणं असं होतं. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. गोळे कधी सुरू झाले आणि औषध कधी बदललं, या दोन तारखा लिहून डॉक्टरांना दाखवायच्या.

उलटही सांगतो: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी-हृदयाची औषधं चालू असतील किंवा क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर 'गोळ्यावर उपाय' म्हणून रोज शहाळं आणि दोन केळी सुरू करू नका. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

---

पुरावा_द्या

के-२ जीवनसत्त्वाची चर्चा सध्या आहे. २०२४ मध्ये चीनमधली चाचणी आली, ६५ वर्षांवरचे १९९ जण, रोज १८० मायक्रोग्रॅम, आठ आठवडे. आठवड्याला सरासरी अडीचेक गोळे येत होते ते एकाच्या खाली आले. निकाल चांगला आहे, पण चाचणी एक आहे. दुसऱ्या कुणी करून दाखवेपर्यंत मी थांबेन.

---

खलबत्ता

आणि रक्त पातळ करायला एसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांनी के-२ ला हात लावू नये, औषधाचा परिणामच उलटतो.

---

ओटीभरण

गरोदरपणात सातव्या महिन्यापासून रोज रात्री येतात त्यांनी काय करावं?

---

नाचणी_सत्त्व

ओट्याचा ताण वरचाच, फक्त पाय थोडे रुंद ठेवून आणि सावकाश. झोपताना डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी.

सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या देतात, ५०० मिग्रॅची दिवसातून दोनदा, ड जीवनसत्त्वासकट. त्या पोटरीतल्या गोळ्यासाठी नव्हे तर एकूणच चुकवू नयेत. चूक होते ती अशी की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच पाण्याबरोबर गिळली जाते. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, मधे किमान दोन तास जाऊ द्या. कॅल्शियम जेवणानंतर, दोन्ही एकदम नाही.

एकाच पायाला सूज, लाली, सतत दुखणं असं असेल तर तो गोळा नाही, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

---

टाच_टेकवा

त्यावरून, गोळा नसून गोळ्यासारखं काय काय असतं ते थोडक्यात. हात लावल्यावर टणक गाठ लागत नसेल तर शंका घ्या.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत थांबते: रोहिणीतून रक्त कमी पोचतंय. तंबाखू, विडी, मधुमेह असेल तर नक्की दाखवा. चालताना दुखतं, पण उभं राहून थांबत नाही, पुढे वाकून किंवा बसून थांबतं: कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही: तो अस्वस्थ पायांचा आजार, त्यात लोह तपासतात. तळव्यांची रात्रभर आग: मधुमेहाची किंवा बी-१२ ची तपासणी. पायाबरोबर हाताची बोटंही आखडतात, तोंडाभोवती मुंग्या येतात: कॅल्शियम खाली गेलंय, थांबू नका. उन्हात काम करताना गोळे येऊन माणूस बरळायला लागला तर सरबत पाजत बसू नका, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि गाडी बोलवा.

---

खडीसाखर

शेवटचा एक प्रश्न. थंडीत गोधडीशिवाय झोप येत नाही आणि गोधडीनेच पाऊल दाबलं जातं म्हणता. मग?

---

वांबवाला_नागपूर

गोधडी पायाकडे गादीखाली खोचायची नाही, मोकळी सोडायची. उताणं झोपत असाल तर पायाशी एक लोड आडवा ठेवा, तळवे त्याला टेकतील असा, म्हणजे पावलं उभी राहतात आणि गोधडीचा भार लोड घेतो. पालथं झोपणाऱ्यांनी घोट्यापासून पुढचं पाऊल गादीच्या कडेबाहेर सोडावं. आणि उशाशी तो टॉवेल.